कवळात सापडलेले टसरचे कोष : फोडावेत, भिजवावेत की नुसते टांगावेत?

अंगणवेल, गुहागर तालुका (१६ फेब्रुवारी)

आमच्याकडे सध्या भाजावळीची, म्हणजे भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळण्याची, तयारी चालू आहे. गेल्या आठवड्यात ऐनाच्या झाडाचे कवळ (पाल्यासकट डहाळ्या) तोडून दाढीच्या (भातरोपांच्या) जागेवर पसरताना तीन डहाळ्यांना कोंबडीच्या लहान अंड्याएवढे, राखाडी-पिवळसर आणि बोटाने दाबले तरी न दबणारे कोष आढळले. प्रत्येकाला काळपट देठ असून देठाच्या टोकाची कडी डहाळीभोवती अंगठीसारखी घट्ट बसलेली आहे. छायाचित्रांशी ताडून पाहता हे टसर (रानरेशीम) देणाऱ्या पतंगाचेच कोष असावेत, अशी माझी जवळजवळ खात्री झाली आहे. राबाला (जाळण्यासाठी पसरलेल्या या पाल्याला) आग लावल्यावर त्यांचीही राख झाली असती, म्हणून डहाळ्यांसकट कापून घरी आणले आणि तूर्त एका पिशवीत घालून पडवीत ठेवले आहेत.

आता अडचण अशी की घरात प्रत्येकाचे मत निराळे आहे. धाकट्या दिरांचे म्हणणे, एवढ्या टणक कवचातून किडा बाहेर येणारच कसा, तेव्हा ब्लेडने टोक कापून त्याला वाट करून द्यावी. इंटरनेटवर मिळालेल्या सूचना बहुतेक थंड देशांतील पतंग पाळणाऱ्यांनी लिहिलेल्या दिसतात. त्यांत कोष हिवाळाभर फ्रिजमध्ये ठेवावेत आणि पुढे दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मारावा, असे सांगितले आहे. सासूबाई मात्र म्हणतात की ज्याचे त्याला कळते, तुम्ही त्यात हात घालू नका.

मला धास्ती वाटते ती गेल्या वर्षीच्या अनुभवामुळे. जुलैमध्ये दारातल्या तगरीवर हिरव्या रंगाच्या, डोक्यामागे निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेल्या पाच मोठ्या अळ्या होत्या. त्या मी प्लास्टिकच्या बरणीत तगरीची पाने घालून वाढवल्या. पाचही सुखरूप कोशात गेल्या, परंतु त्यांतून आलेल्या पतंगांपैकी दोघांचे पंख चुरगळलेल्या कागदासारखेच राहिले आणि ते बरणीच्या तळाशी फडफडत दोन दिवसांत मेले. माझे नेमके काय चुकले आणि या तीन कोषांच्या बाबतीत ते कसे टाळता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

किंजळछाया, संगमेश्वर (१७ फेब्रुवारी)

आपण केलेले वर्णन टसरचेच आहे. देठ आणि कडी हीच त्याची मुख्य ओळख; ऐनाची पाने शिमग्याच्या सुमारास गळून पडली तरी कोष फांदीवर लोंबत राहावा, यासाठी अळी विणकामाला सुरुवात करतानाच ही कडी घालून घेते.

सर्वांत आधी ते कोष पिशवीतून बाहेर काढा. आतला प्युपा (अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था) खात-पीत नसला तरी श्वास घेतो, आणि बंद पिशवीत दमटपणा साचून बुरशी धरते.

ब्लेडचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टणक कवचातून बाहेर पडण्याची सोय पतंगाजवळ असते. बाहेर येण्याच्या वेळी तो तोंडावाटे एक द्रव सोडतो, ज्यातील कोकूनेज नावाचे विकर (एन्झाइम) रेशमाचे धागे एकमेकांना चिकटवणारा डिंक विरघळवते. देठाकडचे टोक आधी ओले दिसू लागते, मग मऊ पडते, आणि पतंग धागे न तोडता ते नुसते बाजूला सारून बाहेर येतो. म्हणूनच रिकामा कोष हातात घेतला तर त्याच्या टोकाला कापलेले भोक नसते, उसवलेल्या कापडासारखी विस्कटलेली वाट असते. आपण मधेच कवच कापले तर आतील ओलावा निघून जातो, मुंग्यांना दार उघडे मिळते, आणि पात्याचे टोक थोडे खोल गेले तर प्युपाच्या पातळ सालीतून द्रव गळून तो मरतो.

मी हे पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडेही असाच एक कोष मे महिन्याच्या अखेरीपर्यंत उघडला नव्हता. अधीर होऊन मी तो सुरीने कापला, तेव्हा आतील प्युपा जिवंत होता आणि बोट लागताच त्याने पोटाकडचा भाग वळवला. मी तो कापसावर ठेवला, पण आठ दिवसांत तो वाळून काळा पडला. मी आणखी पंधरा दिवस थांबलो असतो तर कदाचित पाऊस पडल्यावर तो आपणहून बाहेर आला असता.

कोष जिवंत आहे की नाही हे न कापताही समजते. तो तळहातावर घेऊन वजन पाहावे. जिवंत कोष आकाराच्या मानाने जड लागतो आणि कानाजवळ नेऊन अगदी हलकेच हलवला तर आत काहीतरी भरीव सरकल्याचा मंद आवाज येतो. मेलेला कोष हलका असतो आणि वाळलेल्या चिंचोक्याच्या खुळखुळ्यासारखा वाजतो. मात्र ही परीक्षा एकदाच करावी. रोज हलवून पाहण्याचा मोह आवरणे हेच या कामातले सर्वांत कठीण काम आहे.

कोसेवाला, मूळ भंडारा, सध्या दापोली (१७ फेब्रुवारी)

किंजळछाया यांच्या म्हणण्याला दुजोरा देऊन हंगामाविषयी लिहितो, कारण आपल्या प्रश्नातील फ्रिज आणि फवारा या दोन्ही गोष्टींचा उलगडा त्यातच आहे.

भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या उघड्यावर वाढवतात. आम्ही त्या कोषाला कोसा म्हणतो. तेथे पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत एकापाठोपाठ पिके घेतात, आणि शेवटच्या पिकातील कोष मात्र लगेच उघडत नाहीत. त्यांतील प्युपा वाढ थांबवून उन्हाळा संपेपर्यंत तसाच विसावतो. याला डायपॉज म्हणतात. पुढच्या हंगामाच्या बियाण्यासाठी हेच कोष निवडून, माळा ओवून, हवेशीर खोलीत टांगून ठेवतात आणि पतंग साधारणपणे पाऊस तोंडावर आल्यावर निघतात. आपल्याला कवळात सापडलेले कोष याच प्रकारचे आहेत. ते अडकलेले नाहीत, वाट पाहत आहेत. आता पतंग बाहेर आला तर त्याच्या अळ्यांनी खायचे काय? ऐन तर त्या वेळी ओकाबोका उभा असतो.

फ्रिजचा सल्ला ज्यांच्याकडे बर्फ पडतो त्यांच्यासाठी योग्य असेल; तेथील पतंगांच्या प्युपाला खऱ्या थंडीतून जावे लागते. आपल्या उष्ण प्रदेशातील टसरला त्याची गरज नाही, शिवाय फ्रिजमधील कोरडी हवा त्याला सुकवते. फवाऱ्याचेही तसेच आहे. झाडावर लोंबणाऱ्या कोषाला फेब्रुवारी ते मे या काळात दंवाखेरीज कोण पाणी घालतो? त्यातून आपण समुद्रकाठी राहता, जेथे भर उन्हाळ्यातही हवा विदर्भासारखी रखरखीत होत नाही. पाऊस सुरू झाल्यावर तर प्रश्न उलटा होतो. जुलैमध्ये ज्या घरात चपलांना आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, त्या घरात कोषावर पाणी मारणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे होय. कोकणात काळजी ओलाव्याची करावी लागत नाही, वारा खेळता ठेवण्याची करावी लागते.

उष्णतेची काळजी मात्र घ्या. पत्र्याच्या छपराखाली किंवा कौलांच्या अगदी लगत एप्रिल-मेमध्ये जी धग असते ती प्युपाला सोसत नाही. चुलीच्या वरची जागाही नको. उत्तरेकडच्या पडवीत, ऊन न लागेल अशा ठिकाणी, डहाळीसकट आणि देठ वर राहील अशा रीतीने टांगावेत.

आणखी एक पाहून ठेवा. कोषाच्या कडेला नीट कातरल्यासारखे गोल छिद्र असेल तर आतला पतंग परजीवींनी खाल्ला आहे असे समजावे. टसरचे दोन जुने वैरी आहेत. एक उझी माशी, जी अळीच्या अंगावर अंडी घालते आणि जिचे किडे आतून पोसतात. दुसरी पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली गांधीलमाशीच्या जातकुळीतील पिवळी माशी, जी अंडी घालण्याची नळी कोषाच्या कवचातून आरपार घालून प्युपामध्ये अंडे सोडते. रानातून आणलेल्या तीन कोषांपैकी एखाद्यातून पतंगाऐवजी हीच बाहेर आली, तर आपले काही चुकले असे मानू नका. ते अंडे कोष घरी येण्यापूर्वीच पडलेले असते.

पडवीतला दिवा, मालवण (१८ फेब्रुवारी)

तगरीवरच्या अळ्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून त्याच प्रश्नाचे उत्तर देतो. त्या कण्हेरीवरच्या ससाणा पतंगाच्या अळ्या होत्या; कण्हेर, तगर आणि अनंत या तिन्हींवर त्या वाढतात, आणि ही झाडे आपल्याकडे बहुतेक प्रत्येक अंगणात असतात. हा पतंग रेशमी कोष विणत नाही. खाणे संपले की अळीचा हिरवा रंग तपकिरीकडे झुकतो, ती झाडावरून उतरून इकडेतिकडे फिरते आणि जमिनीवरच्या पाचोळ्यात दोन-चार धाग्यांनी पाने ओढून घेऊन आत प्युपा बनते. पावसाळ्यात सुमारे दोन आठवड्यांत पतंग निघतो.

आपली चूक माझ्या मते अळ्या वाढवण्यात झाली नाही, बरणीत झाली. कुठल्याही पतंगाचे पंख बाहेर येताना नखाएवढे, ओले आणि मऊ असतात. त्याला लगेच काहीतरी खरखरीत धरून वर चढावे लागते आणि पंख खाली मोकळे लोंबतील असे टांगून घ्यावे लागते. मग तो पोटातील द्रव पंखांच्या शिरांत ढकलतो आणि अर्ध्या तासाच्या आत-बाहेर पंख पूर्ण उघडतात. त्यानंतर ते ताठ होण्यास आणखी काही तास लागतात. प्लास्टिकच्या गुळगुळीत भिंतीवर पाय ठरत नाहीत. पतंग चढतो, घसरतो, पुन्हा चढतो, आणि या धडपडीत पंख जसे असतील तसेच वाळतात. एकदा वाळलेला पंख कोणत्याही उपायाने सरळ होत नाही. वाफ देणे, ओल्या कापसाने ओढणे असले प्रयोग मी करून चुकलो आहे. त्यांत पंख फाटण्यापलीकडे काही साधत नाही.

यावर माझा उपाय आंब्याच्या लाकडी पेटीचा आहे. धुऊन कडक उन्हात वाळवलेली फळ्यांची पेटी उभी करावी, मोकळ्या तोंडाला मच्छरदाणीचे कापड ठोकावे आणि आत दोन-तीन सालीसकट काटक्या तिरप्या टेकवून ठेवाव्यात. टसरसाठी कोष पेटीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात टांगावा. मात्र खाली निदान वीतभर आणि दोन्ही बाजूंना तितकीच जागा मोकळी असली पाहिजे, कारण मादीचे पसरलेले पंख १५ सेंटीमीटरच्या पुढे जातात. ससाणा पतंगासाठी तळाशी चार बोटे सुका पाचोळा पुरतो. पूर्वी दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत असत, तशा या पेटीखालीही ठेवाव्यात. ओंबील (लाल मुंग्या) एकदा आत शिरल्या तर सकाळी नुसते पंखच सापडतात. पेटी बागायतीतून आलेली असेल तर औषधाच्या फवारणीचा वास जाईपर्यंत वापरू नये. डास मारण्याच्या वड्या आणि यंत्रेही त्या खोलीत लावू नयेत, कारण त्यांतील कीटकनाशक डास आणि पतंग यांत भेद करत नाही.

पतंग बाहेर येत असताना तो खाली पडला, तर पहिल्या काही मिनिटांत मदत करता येते, आणि तेवढीच एक मदत मी योग्य मानतो. पंखाला किंवा पोटाला हात न लावता त्याच्या पुढच्या पायांसमोर खरखरीत काटकी धरावी, तो स्वतः चढला की काटकी हळूच उभी करून पेटीत टेकवावी आणि दिवा बंद करून निघून जावे. पंख उघडल्यावर तो तांबूस-तपकिरी द्रव सोडतो. ते रक्त नव्हे, कोशावस्थेतील साठलेला मळ असतो. पहिल्यांदा पाहणारे घाबरतात म्हणून लिहिले.

अर्धी चड्डी शास्त्रज्ञ, पनवेल (२० फेब्रुवारी)

थोडा मतभेद नोंदवतो. कोष कधीच कापू नये हे मला पटत नाही. बाजूच्या सगळ्या कोषांतून पतंग निघून गेले आहेत, टोक ओले होऊन दोन रात्री लोटल्या आहेत आणि आतून खरवडण्याचा आवाज क्षीण होत चालला आहे, अशा वेळी देठाकडचे टोक बोथट चिमट्याने किंचित फाकवल्यास पतंग वाचू शकतो. मी एकदा असे केले आहे आणि नर व्यवस्थित बाहेर आला. तथापि फेब्रुवारीत सापडलेल्या कोषाला हे लागू नाही, हे मान्य.

दुसरे, हे कोष आपण स्वतःच्या मालकीच्या राबातून वाचवलेत, ते ठीक. परंतु ही चर्चा वाचून कोणी राखीव जंगलात किंवा अभयारण्यात कोष गोळा करायला जाऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत काही फुलपाखरांचाही समावेश आहे आणि संरक्षित क्षेत्रातून परवानगीवाचून काहीच आणता येत नाही.

किंजळछाया, संगमेश्वर (२० फेब्रुवारी)

चिमट्याने फाकवणे आणि ब्लेडने कापणे यांत फरक आहे, हे कबूल. तरीही दोन रात्री झाल्यावर आतला पतंग बहुधा आधीच दुबळा असतो, आणि त्याला बाहेर काढून आपण आपलेच समाधान करून घेतो, असे मला वाटते. ज्याचा-त्याचा अनुभव.

अंगणवेल, गुहागर तालुका (२४ जून)

चार महिन्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. परंतु सांगण्यासारखे काही घडले ते याच महिन्यात.

सांगितल्याप्रमाणे कोष पेटीत टांगले आणि पेटी उत्तरेकडच्या पडवीत ठेवली. पाणी एकदाही मारले नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका कोषाच्या कडेला गोल छिद्र दिसले आणि मच्छरदाणीवर काळ्या ठिपक्यांची पिवळी माशी बसलेली होती. कोसेवाला यांनी आधीच लिहून ठेवले नसते, तर मी पेटीलाच दोष दिला असता.

पावसाने जोर धरल्यावर तिसऱ्या दिवशी, म्हणजे ११ जूनला, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास दुसऱ्या कोषाचे देठाकडचे टोक भिजलेले दिसले. आतून कागद खरवडावा तसा आवाज येत होता. दिरांना बोलावले, दिवा घालवला आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात आम्ही दूर बसून राहिलो. आधी पुढचे पाय, मग डोके आले, आणि शेवटी थुलथुलीत पोट ओढत ती बाहेर पडली. पहिल्यांदा ती घसरलीच, पण सालीच्या काटकीवर पाय ठरले आणि ती वर जाऊन पालथी लोंबकळली. पंख उघडायला २५ मिनिटे लागली, घड्याळ लावून मोजली. पिवळ्या रंगाची मादी होती आणि चारही पंखांवर काचेच्या टिकलीसारखा पारदर्शक ठिपका होता. दीर ब्लेडचा विषय पुन्हा काढतील असे वाटत नाही.

त्या रात्री तिला सोडले नाही, कारण पंख पूर्ण ताठ झाले नव्हते आणि पाऊस कोसळत होता. पहाटे चारला उठून पाहिले तर मच्छरदाणीच्या बाहेरच्या बाजूस विटकरी रंगाचा, पिसासारख्या रुंद मिशांचा नर येऊन बसला होता. एवढ्या पावसात त्याला माग लागला कसा, हे मला अद्याप समजलेले नाही. कापड थोडे वर केले, तो आत गेला, आणि त्यांची जोडी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सुटली. अंधार पडल्यावर दोघांनाही परसातल्या ऐनावर ठेवले. मात्र मादीने तोपर्यंत पेटीच्या फळीवर चाळीसेक अंडी चिकटवून ठेवली होती, त्यांतून परवापासून काळसर अळ्या निघत आहेत. त्यांचे काय करावे?

तिसरा कोष अजून बंद आणि जड आहे.

कोसेवाला, दापोली (२४ जून)

नराला माग लागतो तो मादीने हवेत सोडलेल्या गंधामुळे; त्या रुंद मिशा त्यासाठीच असतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये तुतीच्या रेशीमपतंगातील असा गंध पहिल्यांदा वेगळा करून ओळखला, तेव्हा त्यांना सुमारे पाच लाख माद्या वापराव्या लागल्या होत्या, यावरून तो किती सूक्ष्म प्रमाणात पुरतो हे ध्यानात यावे.

अळ्या घरात ठेवू नका. तोडलेला पाला लवकर सुकतो, विष्ठा साचते आणि दाटीमुळे रोग पसरतो. चाळीस अळ्यांना शेवटच्या कातीनंतर जेवढा पाला लागतो तेवढा आणण्यातच आपला दिवस जाईल. त्यांना बोटाने उचलू नका, कोवळ्या पानांची ऐनाची डहाळी फळीला टेकवा म्हणजे त्या आपणहून चढतील. ती डहाळी झाडाच्या खालच्या फांदीला बांधा आणि त्या फांदीवर मच्छरदाणीची पिशवी चढवून दोन्ही टोके सुतळीने आवळा, म्हणजे पहिल्या दोन कातींपर्यंत मुंग्या आणि गांधीलमाश्यांपासून बचाव होईल. पिशवीतला पाला संपला की पुढच्या फांदीवर हलवा. त्यानंतर पिशवी काढून टाका. कोतवाल आणि बुलबुल काही नेतील, ते धरूनच चालावे लागते.

तिसरा कोष जड आहे ना? मग टांगलेला राहू द्या. एकाच झाडावरच्या कोषांतून पतंग निघण्यात अनेक आठवड्यांचा फरक पडतो, आमच्याकडे बियाण्याच्या माळांतही पडतो. फक्त आता पेटीला दिवसा वारा लागेल असे पाहा आणि कवचावर पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या मऊ ब्रशने झटकून घ्या.